माशाचे दात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी प्रॅक्टिकलच्या आधी मी भुसावळच्या मासळी बाजारातून रोहूची डोकी उचलून आणते, आणि दरवर्षी कोळंबी सोलत बसलेली मावशी विचारते, “ताई, इतला डोका कसाले लई जास?” दात बघायला नेते म्हटलं की ती हसते. मुलंही हसतात, फक्त त्यांचं हसू पहिली स्लाइड बघेपर्यंतच टिकतं. गेल्या काही वर्षांत मुलांनी, शेततळंवाल्यांनी आणि एकदा एका दातांच्या डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाला फारसा अर्थ नाही.

माशाला दात असतात का? रोहूच्या तोंडात बोट घातलं तर काहीच लागत नाही.

बरोबर आहे, लागणार नाही. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या ही सगळी कार्प कुळातली मंडळी. त्यांच्या जबड्याला एकही दात नसतो. या गटाच्या पूर्वजांनी तोंडातले दात निदान पाच कोटी वर्षांपूर्वी गमावले, ते पुन्हा आले नाहीत. पण घशातले राहिले. कल्ल्यांच्या कमानी मागे मागे मोजत गेलात की पाचवी, शेवटची कमान सापडते. तिच्यावर कल्ल्याची लाल झालर नसते. तिचं हाड जाड, कोयत्यासारखं वाकडं असतं आणि त्यावर दात रांगेने उभे असतात.

हे दात समोरच्या दातांवर घासत नाहीत. त्यांच्या डोक्यावर, कवटीच्या बुडाला, शिंगासारख्या पदार्थाची एक टणक गादी असते. दात खालून वर येऊन त्या गादीवर अन्न रगडतात. पाटा-वरवंटा उलटा टांगला तर कसा दिसेल, तसं समजा: पाटा वर, वरवंटा खाली.

कोणी काय खातं ते या दातांवर लिहिलेलं असतं. रोहूचे दात चपट्या माथ्याचे, एकमेकांना खेटून बसलेले. गवत्याच्या दातांना कडेने करवतीसारख्या खाचा, कारण त्याला पाणवनस्पती फाडायची असते. सायप्रिनसचे मोठे दात दाढेसारखे गोल, गोगलगायीचं कवच फोडायला. पुस्तकात सायप्रिनसची मांडणी १, १, ३–३, १, १ अशी लिहिलेली दिसेल. म्हणजे प्रत्येक बाजूला तीन रांगा, आतल्या मुख्य रांगेत तीन दात आणि बाहेरच्या दोन रांगांत एकेक.

मग शिवडा आणि मरळ? ते तर चावतात.

चावतात, आणि चांगलेच. हातनूरच्या जलाशयात किंवा प्रकाशा गावाकडे तापीत जाळं टाकणाऱ्या कुठल्याही भोयाला विचारा, शिवड्याच्या तोंडातून हूक काढताना तो बोटं घालत नाही. शिवड्याच्या जबड्यावर बारीक, आत वळलेल्या दातांचे पट्टेच्या पट्टे असतात, घोड्याच्या खरारा ब्रशासारखे. एकेक दात भीती वाटण्यासारखा नसतो, पण शेकडो दात एकाच दिशेला वळलेले असले की आत गेलेली मासोळी बाहेर यायचा प्रश्नच उरत नाही. मरळीच्या खालच्या जबड्यावर या बारीक दातांमध्ये मधूनमधून मोठे सुळे असतात.

आणि दात फक्त जबड्यावरच असतात असं नाही. माशाच्या तोंडात टाळूवर, टाळूच्या पुढच्या मधल्या हाडावर, कल्ल्यांच्या कमानींवर, जिभेच्या हाडावरसुद्धा दात उगवतात. तापीत मिळणारा तो सुरीच्या पात्यासारखा चपटा नोटॉप्टेरस पाहिला असेल. त्याच्या जिभेवर दात आहेत आणि तो जीभ टाळूवर दाबून भक्ष्य पकडतो. माणसाच्या तोंडावरून माशाच्या तोंडाचा अंदाज करायला गेलं की पहिल्याच पायरीला ठेच लागते.

रूपचंदचे दात माणसासारखे का दिसतात? घरी बायकांनी तो मासा शिजवायला नकार दिला.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. एका शेततळंवाल्या दादांनी तर फोटो पाठवून खाली फक्त “मॅडम??” एवढंच लिहिलं होतं.

रूपचंद म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पाकू, पिरान्हाचा चुलतभाऊ. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पावसाळ्यात जंगलात पाणी शिरतं, तेव्हा झाडांवरून पडणारी फळं आणि कठीण कवचाच्या बिया हा खातो. बी फोडायला दाढ लागते, म्हणून याच्या दातांचे माथे रुंद आणि चौकोनी. वरच्या जबड्यात पुढे दातांच्या दोन रांगा असतात. खालच्या जबड्यात एक रांग, आणि तिच्या मागे मध्यभागी दातांची एक जोडी. ओठ मागे सारला की हुबेहूब माणसाची दंतपंक्ती दिसते, आणि जेवणाची इच्छा मरते हे मी कबूल करते.

पण साम्य बाहेरचंच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली रूपचंदचा दात माशाचाच निघतो. दुसरी गंमत बदलण्याची. आपल्या दुधाच्या दाताची जागा पक्का दात एकेक करून घेतो. पाकू आणि पिरान्हा यांच्यात जबड्याच्या एका बाजूचे सगळे दात एकदम बदलतात. नवी फळी जुन्या दातांच्या खाली हाडातल्या पोकळीत तयार होते, शेजारशेजारचे दात एकमेकांत अडकलेले असतात आणि फळी एका दमात वर येते. २०१९ साली सीटी स्कॅन वापरून हे नीट दाखवण्यात आलं. एका बाजूची फळी पडली तरी दुसऱ्या बाजूने खाणं चालू राहतं.

मासा खायला काही हरकत नाही. डोकं कापून मगच घरी न्या.

माशाचा एक दात आतून कसा असतो?

वरून टोपी, मध्ये भिंत, आत पोकळी, खाली पाया. चार गोष्टी.

टोपी म्हणजे इनॅमलॉइड. दाताचा हा सर्वांत कठीण भाग, जवळजवळ सगळा खनिजाचा. भिंत म्हणजे दंतिन, अर्थात डेन्टीन. खनिज आणि कोलॅजन या प्रथिनाचे धागे यांचं मिश्रण, हाडाच्या जवळचं पण हाडापेक्षा कठीण. आतल्या पोकळीत दंतमगज, म्हणजे पल्प: रक्तवाहिन्या, चेता आणि कडेला दंतिन तयार करणाऱ्या पेशींची रांग. या पेशींना ओडोन्टोब्लास्ट म्हणतात. आणि पाया म्हणजे जोडहाड. दात ज्या हाडावर उभा आहे त्याच्याशी त्याला बांधणारं हाडाचं कडं. आपल्या दाताला खोबणीत शिरणारं मूळ असतं, माशांच्या बहुतेक दातांना तसलं मूळ नसतं. ते हाडावर उभे असतात, हाडात रोवलेले नसतात.

ओडोन्टोब्लास्ट दंतिनाचा थर टाकत टाकत स्वतः मागे सरकतात आणि मागे एकेक बारीक शेपटी ठेवून जातात. त्या शेपटीभोवती दंतिन कडक होतं. म्हणून दंतिनात मगजापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या बारीक नळ्या दिसतात. नव्याने टाकलेला, अजून खनिज न भरलेला थर मगजाला लागून असतो, तो रंगवलेल्या छेदात फिकट गुलाबी दिसतो. मुलांना ही फिकट रेघ सापडली की मी समजते, आता हे बघायला शिकले.

सगळ्याच दातांत नळ्या असतील असं मात्र धरून चालू नका. झेब्राफिशच्या पिल्लाचे अगदी पहिले दात इतके बारीक असतात की त्यांच्या दंतिनात नळ्या नसतात, मगजात रक्तवाहिनीही शिरत नाही. पुढच्या पिढ्यांचे दात मोठे होत जातात तशा नळ्या येतात. हा झेब्राफिश आपल्या उपखंडातल्या ओढ्यांतला, रोहूचा दूरचा नातेवाईक. त्याच्याही तोंडात दात नाहीत, घशात प्रत्येक बाजूला अकरा. जगभरच्या प्रयोगशाळा दातांच्या वाढीचा अभ्यास या बावीस दातांवर करतात.

इनॅमल आणि इनॅमलॉइड यांत फरक काय? नाव सोडून.

हा फरक समजला की निम्मा विषय समजला, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्या दातावरचं इनॅमल, म्हणजे दंतवल्क, फक्त बाहेरच्या पेशींचं काम आहे. आधी दंतिन तयार होतं, मग हिरडीच्या त्वचेकडून आलेल्या पेशी त्यावर बाहेरून थर चढवतात. थर दंतिनापासून सुरू होतो आणि बाहेर वाढतो. धाब्याच्या घरावर वरून खारी माती टाकावी, तसा.

इनॅमलॉइड दोघांनी मिळून केलेलं असतं. बाहेरून त्वचेच्या पेशी, आतून ओडोन्टोब्लास्ट. आणि ते दंतिनाच्या आधी सुरू होतं. दोन्ही पेशींच्या मधल्या सीमेवर पहिला थर पडतो आणि जाडी आतल्या दिशेने वाढते. काटेरी माशांत, म्हणजे हाडं असलेल्या माशांत, या थराचा सांगाडा सुरुवातीला कोलॅजनच्या धाग्यांचा असतो. पुढे बाहेरच्या पेशी त्यातलं बहुतेक प्रथिन काढून घेतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक वाढत जातात. धागे जातात, पण स्फटिक धाग्यांच्याच वळणाने मांडलेले राहतात. साचा काढून घेतला तरी ओतीव वस्तूचा आकार राहावा, तसंच.

त्यामुळे माणसाच्या इनॅमलमध्ये स्फटिकांचे दांडे दिसतात आणि माशाच्या इनॅमलॉइडमध्ये जुड्या. टोकाकडे त्या एकमेकींत गुंतलेल्या, कडेला समांतर. विणलेल्या जुड्यांमुळे तडा सरळ आत जात नाही, वाटेत वळतो.

सगळ्या माशांना इनॅमलॉइडच असतं का? नाही. सीलाकॅन्थ आणि फुप्फुसमासे यांच्या दातांवर खरं इनॅमल आहे. जमिनीवर आलेल्या प्राण्यांचे, म्हणजे आपलेही, ते जवळचे नातेवाईक. इनॅमल आपण जमिनीवर आल्यावर कमावलं असं मुलं परीक्षेत लिहितात. ते पाण्यातूनच आलेलं आहे.

दंतिनाचे प्रकार किती? परीक्षेला विचारतात.

परीक्षेला चार लिहा. साधं दंतिन, ज्याला ऑर्थोडेन्टीन म्हणतात: मध्ये एकच मगजपोकळी, नळ्या समांतर. अस्थिदंतिन, म्हणजे ऑस्टिओडेन्टीन: मगजाच्या जागी हाडासारखी जाळी, तिच्यात अनेक कालवे. वाहिनीदंतिन, म्हणजे व्हॅसोडेन्टीन: दंतिनातूनच केशवाहिन्या फिरतात, हेक माशात. आणि घडीचं दंतिन, प्लिसिडेन्टीन: बुडाशी भिंतीला आत वळलेल्या घड्या, गार नावाच्या माशात.

दोन शार्कची तुलना मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या पांढऱ्या शार्कच्या दाताचा गाभा अस्थिदंतिनाने भरलेला असतो, तर आपल्या बाजारातल्या मुशीच्या गटातल्या शार्कचा दात पोकळ, साध्या दंतिनाचा. बाहेरून दोन्ही त्रिकोणीच.

दात हाडाला चिकटतो कसा? बोंबलाचे दात दाबले की आत झुकतात, तुटत नाहीत.

तुम्ही ओला बोंबील नीट पाहिलात याचा मला आनंद झाला. आपल्याकडे खानदेशात बोंबील बहुतेक सुका येतो, त्यात हे कळत नाही.

१९८१ साली फिंक यांनी हाडांच्या माशांत दात बसण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. पहिलीत दात आणि जोडहाड सांधा न ठेवता एकजीव होतात. दुसरीत दोघांच्या मध्ये सगळीकडून खनिज न भरलेल्या कोलॅजनचं कडं राहतं. तिसरी आणि चौथी बिजागरीच्या: एका बाजूला जोड घट्ट किंवा धाग्यांचा, दुसऱ्या बाजूला सैल. असा दात आतल्या बाजूला लवतो, बाहेरच्या बाजूला लवत नाही. कोंबडीच्या खुराड्याचं दार आत ढकललं की उघडतं आणि बाहेरून ओढलं की अडतं, तेच तंत्र. भक्ष्य आत जाताना दात वाट देतात, परत फिरताना उभे राहतात. बोंबलाचे सुईसारखे, आत वळलेले दात याच जातीचे.

रोहूचे घशातले दात मात्र हाडाशी पक्के जोडलेले. रगडायच्या दाताला बिजागरी काय कामाची?

पडलेले दात परत येतात का?

आयुष्यभर. मुशीच्या जबड्याची आतली बाजू उलटून बघा, पुढच्या रांगेमागे नव्या दातांच्या रांगा आडव्या निजलेल्या दिसतात. पुढचा पडला की मागचा उभा राहतो. हाडांच्या माशांत जुन्या दाताच्या बुडाशी हाड खाणाऱ्या पेशी येतात, त्या जोडहाड पोखरतात, दात गळतो आणि शेजारी तयार असलेला नवा दात त्या जागी बसतो. काहींत नवा दात हाडाच्या पोकळीत वाढतो, रूपचंदसारखा. काहींत हाडाबाहेर, हिरडीच्या मऊ भागात.

किती वेगाने? पॅसिफिक महासागरातल्या लिंगकॉड माशावर २०२१ साली झालेलं काम मला फार आवडतं. मासे आधी हाडाला लाल रंग देणाऱ्या द्रव्याच्या पाण्यात ठेवले. काही दिवसांनी हिरवा रंग देणाऱ्या द्रव्यात. आधीपासून असलेले दात दोन्ही रंगांचे, नंतर आलेले फक्त हिरवे. मग मोजणी. रोज सुमारे ३.६ टक्के दात बदलत होते, म्हणजे दिवसाला वीसच्या आसपास. रोज वीस दात! आणि आपण अक्कलदाढेचं कौतुक करतो.

माशाच्या दाताला कीड लागते का?

कीड लागायला साखर हवी आणि दात बराच काळ टिकायला हवा. माशाकडे दोन्ही नाही.

बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर शेततळ्यातल्या माशांचे दात पिवळे पडतात का?

माणसाच्या दातांवर फ्लोराइडचे डाग पडतात ते दात घडत असताना पोटात गेलेल्या जास्तीच्या फ्लोराइडने. माशांची गोष्ट निराळी. अनेक माशांच्या इनॅमलॉइडमध्ये फ्लोराइड मुळातच भरपूर असतं, शार्कच्या दातात तर खनिजच फ्लोरॲपॅटाइट असतं. किती असावं ते पाण्यापेक्षा माशाच्या कुळावर जास्त अवलंबून आहे: एकाच पाण्यात राहणाऱ्या दोन जातींत हे प्रमाण कितीतरी वेगळं निघतं.

यावरून शार्कचे दात आपल्या दातांहून कठीण असतील असं वाटतं. २०१२ मध्ये मोजून पाहिलं तेव्हा दोन्ही जवळपास सारखेच निघाले. आपल्याकडचं खनिज मऊ, पण रचना चांगली.

काही माशांच्या दातांची टोकं तांबूस-तपकिरी असतात. तो डाग नव्हे, इनॅमलॉइडमध्ये शिरलेलं लोह आहे.

स्लाइड कशी तयार करायची? आमच्या कॉलेजात मायक्रोटोम बंद आहे.

मायक्रोटोम, म्हणजे पातळ छेद कापायचं यंत्र, बंद असला तरी चालेल. दोन वाटा आहेत, आणि दोन्हींतून वेगवेगळं दिसतं.

पहिली वाट घासण्याची. रोहूच्या डोक्यातून पाचवी कमान काढा. कल्ल्याचं झाकण उघडून चार लाल कमानी बाजूला केल्या की मागच्या बाजूला बोटाला खरखरीत लागतं, तेच ते. किलोभर वजनाच्या माशात हे हाड अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं निघतं. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मांस सोडवा. उकळत ठेवू नका, दात सुटून भांड्याच्या तळाशी जातात आणि मग कोणता कुठला ते कळत नाही. वाळलेलं हाड ॲराल्डाइटमध्ये बसवा. घट्ट झालं की हार्डवेअरच्या दुकानातल्या वॉटर पेपरवर पाणी घेऊन घासा: आधी ४०० नंबर, मग ८००, शेवटी १२००. एक बाजू गुळगुळीत झाली की ती फेविक्विकने काचेला चिकटवा आणि दुसरी बाजू घासा. किती घासायचं? काचेखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं दाताच्या आरपार वाचता आली की थांबा. तिथून पुढची दहा सेकंदं धोक्याची, मी त्यात तीन दात उडवले आहेत.

वरून घट्ट कॅनडा बाल्सम टाका. पातळ टाकलं तर ते दंतिनाच्या नळ्यांत शिरतं आणि नळ्या दिसेनाशा होतात. घट्ट असेल तर नळ्यांत हवा अडकून राहते आणि त्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात.

दुसरी वाट खनिज विरघळवण्याची. आम्लात किंवा ईडीटीएच्या द्रावणात दात मऊ करायचा, मेणात बसवायचा, पाच-सहा मायक्रॉनचे छेद घ्यायचे आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचे. यात पेशी दिसतात, ज्या पहिल्या वाटेत मिळत नाहीत. ईडीटीएला आठवडे लागतात. आम्ल लवकर काम करतं, पण लक्ष ठेवावं लागतं.

माझा पहिला प्रयोग सांगते. दात संध्याकाळी पाच टक्के नायट्रिक आम्लात टाकले आणि चुलत बहिणीच्या हळदीला अमळनेरला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तर दात च्युइंग गमसारखे वाकत होते. तरीही छेद घेतले. दंतिन गुलाबी, पण टोपीच्या जागी काहीच नव्हतं. नुसती पांढरी मोकळी जागा, टोपीच्या आकाराची. मी चार दिवस स्वतःला दोष देत होते. मग ईडीटीएत सावकाश केलेल्या छेदातही तीच मोकळी जागा निघाली. पक्क्या इनॅमलॉइडमध्ये खनिजाशिवाय जवळजवळ काही नसतंच, त्यामुळे खनिज गेलं की जागा उरते. त्याच स्लाइडवर शेजारी एक अजून न उगवलेला दात होता, कळीसारखा. त्याची टोपी मात्र जशीच्या तशी, धाग्याधाग्यांची, कारण तिच्यातलं कोलॅजन अजून काढून घेतलेलं नव्हतं. इनॅमलॉइड कसं तयार होतं यावर मी वर जे लिहिलं, ते सगळं त्या एका स्लाइडवर होतं. पुस्तकात वाचलेलं होतंच, पटलं त्या दिवशी.

साध्या मायक्रोस्कोपखाली काय काय ओळखता येईल?

दहाच्या भिंगाखाली टोपी आणि दंतिन यांची सीमा. चाळीसच्या भिंगाखाली नळ्या, त्यांच्या टोकाला फुटलेल्या बारीक फांद्या आणि पायाजवळ दंतिन संपून हाड सुरू होतं ती जागा. स्फटिकांच्या जुड्या पाहायच्या असतील तर स्लाइडच्या वर आणि खाली ध्रुवक, म्हणजे पोलरॉइडचे दोन तुकडे लावा. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे चालतात. एक तुकडा फिरवत गेलं की टोपी अंधारातून उजळते, आणि कुठल्या भागात जुड्या एका दिशेला आहेत, कुठे गुंतल्या आहेत, ते पट्टे दिसतात.

छेद न घेताही एक सुंदर गोष्ट करता येते. शेततळ्यातली मेलेली बोटभर मासोळी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात पारदर्शक करा, ॲलिझरीन रेडने रंगवा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवा. मांस काचेसारखं होतं, हाडं आणि दात लाल. घशातले दात आत कुठे बसले आहेत ते एका नजरेत कळतं.

शार्कचा दात आणि शार्कचं खवलं एकच असं म्हणतात, ते खरं का?

रचनेत खरं. बर्फातून आलेल्या मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवा, पॉलिश पेपर लागतो. त्यातल्या प्रत्येक कणात मगजपोकळी, दंतिन आणि वर इनॅमलॉइडसारखी टोपी आहे. रोहूचं खवलं तसं नाही, ते हाडाचं पातळ पान आहे.

दात आधी की अंगावरचे हे कण आधी, यावर वाद आहे. एक पक्ष म्हणतो, अंगावरचे कण तोंडाच्या कडेने आत सरकले आणि दात झाले. दुसरा म्हणतो, घशातल्या दातांची सुरुवात वेगळी. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे, पण रोहूचा घसा पाहिला की दर वेळी थोडी डळमळते.

माशाचा दात दुखतो का?

दुखणं माशाला कसं वाटतं ते मला सांगता येणार नाही, पण दंतिन हे मुळात जाणिवेचं ऊतक आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ कोटी वर्षांहून जुन्या, जबडाही नसलेल्या माशांच्या चिलखतातलं दंतिन तपासलं आणि त्या नळ्यांचं काम पाण्यातले बदल टिपणं हे असावं असा निष्कर्ष काढला. थंड पाण्याने आपली दाढ ठणकते ती त्याच नळ्यांतून.

दातावरून माशाचं वय कळतं का?

नाही. दात सतत बदलतात, त्यामुळे तोंडातला दात काही आठवड्यांचाही असू शकतो. वय पाहायचं तर खवल्यांवरची वर्तुळं किंवा कानातला खडा बघा.

आमच्या शेतात विहीर खणताना शार्कचा दात सापडेल का?

तापीकाठच्या गाळात किंवा त्याखालच्या काळ्या बेसॉल्टमध्ये नाही. तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. मात्र सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात त्याहून जुने समुद्री थर उघडे पडले आहेत, आणि तिथे शार्कचे दात सापडले आहेत. एकेकाळी समुद्र तिथवर आत आला होता. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. दात मागे राहतात.

घशात अडकतो तो काटा म्हणजे दातच का?

नाही. ती मांसात सुटी असलेली बारीक हाडं. दाताशी त्यांचा संबंध नाही.

दात काढून झाल्यावर डोकं टाकून द्यायचं का?

फॉर्मलिन किंवा आम्ल लागलेलं असेल तर लगेच पुरून टाका, मांजराच्या तोंडी लागू देऊ नका. नुसती कमान काढून घेतली असेल तर डोकं तसंच चांगलं आहे. मी घरी नेते. काळ्या मसाल्याचा रस्सा, कळण्याची भाकरी, आणि डोळ्याखालचा गालाचा तुकडा ज्याने कमान सोडवली त्याला.